विहिणीला स्पॅनिशमध्ये शब्द आहे

सप्रेम नमस्कार.

माझं वय ५८, यजमानांचं ६१. मुलाने स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीशी लग्न केलं, म्हणून आम्ही दोघांनी एकाच दिवशी फोनवर स्पॅनिश शिकायला घेतलं. विहीणबाईंना दुसरी कुठलीच भाषा येत नाही. मी रोज रात्री दहा मिनिटं अ‍ॅपवर धडा करते. ४१२ दिवस झाले, एकही खाडा नाही. अ‍ॅपच्या हिशेबाने मला १,८०० शब्द येतात. यांनी तेच अ‍ॅप नवव्या दिवशी काढून टाकलं. हे संध्याकाळी तासभर फिरायला जातात तेव्हा कानात स्पॅनिशमधल्या फुटबॉलच्या गप्पा असतात आणि बुद्धिबळाच्या कुठल्याशा ग्रुपवर अनोळखी लोकांना व्हॉइस मेसेज पाठवणं चालू असतं. नियम एकही माहीत नाही. पण व्हिडिओ कॉल आला की हे विहीणबाईंशी अर्धा अर्धा तास बोलतात, त्या पोट धरून हसतात. मी ‘ओला’ म्हणते आणि फोन यांच्या हातात देते.

हे म्हणतात, ‘मी ऐकून शिकणारा, तू वाचून शिकणारी. तुझा तो पिंडच नाही.’ मला वाटतं, माझं वयही झालं. सहा महिन्यांनी सुनेचं बाळंतपण आहे. विहीणबाई आणि मी दोन महिने एका घरात असू. भाषेचं डोकं नसलेल्या बाईने काय करावं?

– मागच्या बाकावरची

ता. क. हे क्रियापदं सगळी चुकीची वापरतात. ‘मी उद्या जाणे’ अशा थाटाचं बोलतात. कॉल चालू असताना दुरुस्त केलं तर चालेल का?


ताई,

पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर उघडला. ४१२ दिवस गुणिले दहा मिनिटं म्हणजे ६८ तास ४० मिनिटं. यजमान रोज तासभर फिरतात. पावसापाण्याचे आणि कंटाळ्याचे खाडे सढळ हाताने धरले, तरी त्यांच्या कानावरून ३०० तास स्पॅनिश गेलं असणार. बुद्धिबळवाल्यांशी बोललेलं वेगळं. म्हणजे तुम्ही एका दिवशी सुरुवात केलीत एवढंच खरं, अंतर सारखं चाललेलं नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामापुरतं चांगलं स्पॅनिश यावं म्हणून वर्गातले ६०० ते ७५० तास धरतं, आणि ही त्यांच्या लेखी सोप्यातली भाषा. त्या हिशेबाने तुम्ही दहाव्या हिश्श्यावर आहात आणि यजमान अर्ध्या वाटेवर. यात डोक्याचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

हे तुमच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचे तास कोणी मोजत नाही. तुमचे मात्र अ‍ॅप मोजतं, रोज मोठ्या आकड्यात दाखवतं आणि वर टाळ्या वाजवतं. फोनवरच्या शिकण्यात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला बराचसा असाच नजरेआड असतो. एकाचं शिकणं ‘धडा’ म्हणून होतं आणि वहीत चढतं. दुसऱ्याचं फिरण्यात, खेळण्यात, वाद घालण्यात मिसळून जातं आणि मग सगळे म्हणतात, याला काही न करता येतं.

अखंड हजेरीबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. मीही एका भाषेत २०० च्या वर दिवसांची साखळी केली होती. शेवटी शेवटी रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना मी मुद्दाम पहिल्याच पातळीवरचा धडा उघडायचे, कारण तो दीड मिनिटात उरकायचा. ‘मुलगा सफरचंद खातो.’ हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा सोडवलं असेल, देव जाणे. मग एकदा तापात दिवस चुकला, आकडा शून्यावर आला आणि मला दुःख झालं ते आकड्याचं. भाषेची आठवणही आली नाही. तुमचे दहा मिनिटांचे धडे कुठल्या पातळीवरचे असतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. मीही विचारत नाही.

आता डोक्याकडे येऊ. १९५९ साली जॉन कॅरल आणि स्टॅन्ली सॅपन या दोघांनी परकी भाषा शिकण्याची कुवत मोजणारी एक चाचणी काढली. ती आजही अभ्यासकांच्या बोलण्यात असते. कॅरल यांना दिसलं ते असं, की ‘भाषेचं डोकं’ अशी एक वस्तू नसते, त्यात निदान चार वेगवेगळे गुण असतात. अनोळखी आवाज नेमका पकडून मनात धरून ठेवता येणं हा एक. वाक्यातला कुठला शब्द काय काम करतो हे जाणवणं हा दुसरा. कोणी न सांगता उदाहरणांवरून नियम हेरता येणं तिसरा आणि शब्द-अर्थाच्या जोड्या पाठ होणं चौथा. एकात तल्लख माणूस दुसऱ्यात ढ असू शकतो. पुढे १९६३ साली याच कॅरल यांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती मला जास्त आवडते: कुवत म्हणजे ती गोष्ट शिकायला माणसाला लागणारा वेळ. कोणाला कमी, कोणाला जास्त. पण लागतो तो वेळच.

तुम्ही या चारांत कुठे बसता? तुमच्या ता. क. मध्ये उत्तर आहे. समोर दोन माणसं भरभर स्पॅनिश बोलत आहेत, फोनवरून आवाज फुटतो आहे, विहीणबाई हसत आहेत आणि त्या गदारोळात यजमानांचं क्रियापद चुकलं हे तुम्हाला ऐकू येतं. ऐकू येतं एवढंच नाही, ते ‘मी उद्या जाणे’सारखं होतंय हे मराठीत करूनही सांगता. म्हणजे दुसरा गुण तुमच्यात भरपूर आहे. १,८०० शब्दांतले निम्मे अ‍ॅपने फुगवून सांगितले असं धरलं, तरी चौथाही आहे. कॉल तुम्हाला समजतो, तुम्ही फक्त त्यात बोलत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून स्वतःला ढ ठरवू नका.

यजमानांसारखा एक माणूस या विषयाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ साली त्याच्यावर लिहिलं आणि त्याला ‘वेस’ असं टोपणनाव दिलं. हा जपानी चित्रकार हवाईत राहायला आला, इंग्रजीचा वर्ग जवळपास न लावता लोकांत मिसळला आणि काही वर्षांत त्याच भाषेत गप्पा, विनोद, व्यवहार सगळं करायला लागला. लोकांना तो आवडायचा, कारण समोरच्यात रस घ्यायचा, अडलं की हातवाऱ्यांनी पुढे रेटायचा. व्याकरण मात्र जिथे होतं जवळपास तिथेच राहिलं. याच श्मिट यांनी पुढे असा मुद्दा मांडला, की भाषेतली एखादी गोष्ट आपली व्हायची तर ती आधी लक्षात यावी लागते, नुसती कानावरून जाऊन भागत नाही. तुमच्या घरात एक वेस आहे आणि एक ‘लक्षात येणारी’ आहे. दोघांचं अर्धं अर्धं काम झालं आहे. तुमचा अर्धा भाग शांत असल्यामुळे कोणाला दिसत नाही, इतकंच.

‘ऐकून शिकणारा, वाचून शिकणारी’ हे मात्र यजमानांना परत करा. ही समजूत फार गोड आहे आणि शाळाशाळांतून सांगितली जाते. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तिच्या बाजूचा पुरावा तपासला. माणसाच्या आवडीच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो, असं दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, नाही असं नाही. तुम्हाला वाचायला आवडतं, त्यांना ऐकायला. पण वाचून वाचून वाचायला येतं. बोलणं जिभेचं काम आहे, ते डोळ्यांनी होत नाही. हा पिंडाचा प्रश्न नव्हे.

वयाचं थोडक्यात उरकते. २०१८ च्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ६ लाख ७० हजार लोकांनी इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी दिली होती. परक्या भाषेचं व्याकरण झपाट्याने उचलण्याची ताकद साधारण सतराअठराव्या वर्षानंतर उतरते असा तिचा निष्कर्ष होता. तुमची बस ४० वर्षांपूर्वी गेली आणि यजमानांची ४३. तुमच्या दोघांमधला फरक वयाने सांगता येत नाही, कारण वयाने तर तुम्ही धाकट्या आहात.

खरा फरक ‘ओला’नंतर पडतो. परकी भाषा बोलताना येणारी भीती ही साध्या लाजाळूपणाहून वेगळी असते. इतर वेळी सभा गाजवणारी माणसंसुद्धा तिच्यापुढे गप्प होतात. १९८६ साली तीन संशोधकांनी ती मोजायला ३३ वाक्यांची प्रश्नावली तयार केली, त्यावरून अंदाज करा की तुम्ही एकट्या नाही. ज्याला चूक चटकन दिसते त्याला ही भीती जास्त चावते, असं माझं अनेक वर्षं पाहून झालेलं मत आहे. तोंड उघडायच्या आत तो स्वतःचीच वही तपासत बसतो. यजमान वही तपासतच नाहीत. हा त्यांचा गुणही आहे आणि खोटही.

इथे फोन तुमच्या कामाचा आहे, आणि तुम्ही त्याचा नेमका हाच उपयोग केलेला नाही. व्हिडिओ कॉल ही भित्र्या माणसासाठी सगळ्यात वाईट जागा. चेहरा दिसतो, वेळ मिळत नाही, मागे नवरा उभा असतो. व्हॉइस मेसेज त्याच्या अगदी उलट. बोला, ऐका, पुसा, पुन्हा बोला. सातव्या वेळी बरं वाटलं तर पाठवा. विहीणबाईंना पहिली सहा कधीच कळणार नाहीत. त्यांचं उत्तर येईल तेही तुम्हाला दहा वेळा ऐकता येईल, ‘पुन्हा सांगा’ असं न म्हणता. शेजारी बसून कोणी इतक्या वेळा तेच वाक्य सांगणार नाही, सख्खी विहीणसुद्धा नाही. आठवड्यातून तीन मेसेज, प्रत्येक अर्ध्या मिनिटाचा. महिना-दीड महिना हेच चालू द्या. कॉलवर मात्र या काळात पूर्वीसारखं ‘ओला’ म्हणून फोन देऊन टाका, त्यात काही बिघडत नाही.

एकच पथ्य: सुनेला मास्तरीण करू नका. ती सहा महिन्यांत आई होणार आहे, तिला आणखी एक बाळ नको. शिवाय सासूची चूक काढणं कुठल्याच भाषेत सोपं नसतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं ती. तुमचं अ‍ॅप स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतं, बरोबर? बहुतेक तसंच असणार. म्हणजे तुम्ही मराठीतून इंग्रजीत जाता आणि तिथून स्पॅनिशमध्ये. नदी ओलांडायला दोन होड्या बदलता, आणि पहिली होडी तर उलट्या दिशेने जाते.

‘मे गुस्ता’ घ्या. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे वाक्य पचायला महिने लागतात, कारण त्यांच्याकडे ‘मी आवडतो’ छापाचा कर्ता पुढे असतो. धडेच्या धडे यावर खर्च होतात. आपल्याकडे काय आहे? ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतं. मला आवडतं. संपलं. आवडणाऱ्या गोष्टी अनेक असल्या तर ‘मे गुस्तान’, म्हणजे मला आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं, आपल्यासारखंच. मला दुखतं, मला वाटतं या वळणाची बरीच वाक्यं तिथे अशीच भेटतात.

किंवा हे पाहा. ‘मी घर पाहते’, पण ‘मी सुनेला पाहते’. वस्तूला ‘ला’ लागत नाही, माणसाला लागतो. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, आपण बोलतो. स्पॅनिशमध्येही घर नुसतं पाहतात, ‘बेओ ला कासा’, आणि माणूस आला की मध्ये एक ‘आ’ येतो, ‘बेओ आ मी नुएरा’, मी माझ्या सुनेला पाहते. इंग्रजीत हा भेदच नाही, त्यामुळे इंग्रजीतला धडा याला ‘विशेष नियम’ म्हणून चौकटीत घालतो आणि तुम्ही तो घाबरून पाठ करता. ‘ला’ तिथे ‘आ’, एवढं म्हणा आणि पुढे चला.

कर्ता गाळणं तसंच. ‘आब्लो’ एवढंच म्हटलं की ‘बोलते’ झालं, ‘मी’ लागत नाही. मान देऊन बोलायचं तर ‘तू’ऐवजी ‘उस्तेद’, आणि त्याला क्रियापद ‘तो’चं लागतं. आपल्या ‘तुम्ही’हून ते थोडं वेगळं, पण एका माणसाला दोन तऱ्हांनी हाक मारायची सवय तुमच्या रक्तात आहे, इंग्रजीच्या नाही.

मराठी सगळीकडेच हात देत नाही. ‘असणे’ला तिथे दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. कुठलं कुठे, यात मराठी तुम्हाला वाऱ्यावर सोडते. लिंगात तर ती चक्क फसवते. घोडा, मुलगा, आंबा ऐकून आपला कान ‘आ’ला पुल्लिंगी समजतो आणि तिथे ‘आ’ने संपणारे बहुतेक शब्द स्त्रीलिंगी, पुल्लिंगी ते ‘ओ’चे. यजमान यात नक्की चुकत असतील. तुमचंही कधी अडत असेल तर कारण हे.

आणि वही देवनागरीत लिहा. रोमन अक्षरांतला ‘टी’ दिसला की इंग्रजीच्या सवयीने आपण ट म्हणतो. स्पॅनिशचा मात्र आपल्या त सारखा दातांवरचा आहे. ज्या माणसाच्या तोंडात जन्मापासून त आणि द आहेत त्याने ट-ड कशाला म्हणायचं? ‘एच’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. ‘व्ही’ लिहितात आणि ब म्हणतात. देवनागरीत ऐकलं तसं लिहिलंत की हे सगळं आपोआप जागच्या जागी पडतं. फक्त र जपा. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि र चांगला घोळवून ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘मला यायचंय, कुत्रा वेळ नाही’ असं व्हायला नको. झालं तरी विहीणबाई हसतीलच.

आता विहीणबाईंचंच. इंग्रजीत त्यांना शब्द नाही. ‘मुलाच्या बायकोची आई’ असं लांबण लावावं लागतं, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपने तो शब्द तुम्हाला १,८०० मध्ये शिकवला नसणार. स्पॅनिशमध्ये आहे. ‘कोन्स्वेग्रा’. स्वेग्रा म्हणजे सासू आणि कोन्स्वेग्रा म्हणजे विहीण, व्याह्यांना कोन्स्वेग्रो. ज्या माणसासाठी तुम्ही ४१२ रात्री बसलात, तिला हाक मारायचा शब्द दोन्ही भाषांत आहे आणि मधल्या भाषेत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: विहीणबाई कुठल्या देशातल्या? स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे. आभार मानताना स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘ग्राथियास’ ऐकू येईल आणि लॅटिन अमेरिकेत ‘ग्रासियास’. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ आहे आणि जिथे इतर लोक य म्हणतात तिथे बरेच जण श म्हणतात. अ‍ॅपमधली बाई एका प्रकारचं बोलते, तुमची विहीण कदाचित दुसऱ्याच. तुम्हाला जगाचं स्पॅनिश नको आहे, एका बाईचं हवं आहे. तेव्हा ऐकायचं ते तिच्या देशातलं ऐका.

काय ऐकायचं? इथे मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. यजमानांना फुटबॉल आवडतो, बुद्धिबळ आवडतं, हे मला कळलं. तुम्हाला काय आवडतं ते पत्रात कुठेच नाही. त्यांना भाषेआधी विषय सापडला, तुम्ही गेलं वर्षभर सफरचंद खाणाऱ्या मुलाबरोबर काढलं. बागकाम, विणकाम, गुन्ह्यांच्या मालिका, नटनट्यांची भांडणं, काहीही चालेल. अट एकच, की तो विषय तुम्ही मराठीतही आवडीने पाहिला असता. खालची अक्षरं लावायची तर स्पॅनिशचीच लावा. इंग्रजीची लावलीत की डोळे त्यावर बसतात आणि कान झोपी जातो. वेग पाऊणपट करायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती लाज न बाळगता वापरा.

वेळेचंही बोलू. दहा मिनिटांचा तुकडा शब्दांना पुरतो, ऐकण्याला पुरत नाही. कान त्या आवाजाला सरावायलाच पहिली पाच-सात मिनिटं जातात. यजमानांचा तास सलग असतो आणि चालताना फोन खिशात असल्यामुळे मधे मधे दुसरं काही उघडलं जात नाही. तुमचे धडे हातात फोन घेऊन, झोपेच्या तोंडावर, वरून घरच्या ग्रुपचे मेसेज टपकत असताना होतात. दिवसातला एखादा अर्धा तास काढा, हात कामात आणि कान मोकळे असतील असा. त्यात पाच-दहा मिनिटं बोलण्याची घातलीत की सहा महिन्यांत शंभरेक तास होतात. गेल्या वर्षभराहून जास्त.

अ‍ॅप काढून टाकायला मी सांगणार नाही. शब्द ते बरे जपतं. पण चार पर्यायांतून बरोबर शब्द ओळखणं वेगळं आणि रिकाम्या मनातून तो काढणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर बाजी मारली ती न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. तेव्हा पर्याय वाचायच्या आधी ते हाताने झाका, उत्तर मोठ्याने म्हणा, मग हात काढा. धडा दुप्पट वेळ घेईल, चुका वाढतील, अ‍ॅप नाक मुरडेल. खुशाल मुरडू दे.

पहिला मेसेज मी लिहून देते. पुढचे तुमचे तुम्ही:

‘ओला, कोन्स्वेग्रा. एस्तोय आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल. आब्लो पोको, पेरो मे गुस्ता मुचो. आब्लेमे देस्पासियो, पोर फाबोर.’

नमस्कार, विहीणबाई. मी स्पॅनिश शिकते आहे. थोडंच बोलते, पण मला खूप आवडतं. माझ्याशी सावकाश बोला, कृपा करून. शेवटच्या वाक्यात मानाचं रूप घातलं आहे. त्या म्हणाल्या ‘तू म्हण’, तर ‘आब्लामे’ करा. स्पेनच्या असतील तर ‘देस्पाथियो’.

आणि ता. क. चं. नाही, कॉल चालू असताना नाही. तुम्ही दुरुस्त केलंत की ते गप्प होतील, मग त्या घरात दोन ‘ओला’वाले होतील आणि विहीणबाईंशी बोलायला कोणी उरणार नाही. कॉल संपला की विचारा, ‘उद्या जाणार हे कसं म्हणालात?’ ते म्हणतील ‘यो इर मान्याना’. तुम्ही म्हणा ‘बोय मान्याना’. रोज एकच क्रियापद, जास्त नाही. बदल्यात त्यांनी तुम्हाला बुद्धिबळाच्या ग्रुपवरचा एक मेसेज ऐकवायचा आणि तुम्ही त्यांच्या फोनवरून, तुमच्या आवाजात, त्याला उत्तर द्यायचं. बुद्धिबळ येत नसेल तर उत्तमच. ‘मला बुद्धिबळ येत नाही’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणतात ते यजमानांना विचारा, त्यांचं क्रियापद चुकेल, तुमचं चुकणार नाही.